मामाच्या हाताचं माप

माझ्या उजव्या हातात अडीचची बांगडी बसते.

पुरुषमाणसाला हे माहीत असण्याचं खरं तर काही कारण नाही. डाव्या हाताचं माप मला अजूनही ठाऊक नाही, कारण त्याच्यावर तशी वेळ आली नाही. उजव्यावर आली. तीही माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नादिवशी, कन्हेरीच्या आमच्या अंगणात, भर उन्हात. आणि ती आणली आमच्या धवळीनं.

धवळी म्हणजे गाय नव्हे, आमची मोटार. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे पाय थकले तसा त्यांनी शेवटचा कळप विकला, आणि माझ्या हट्टापायी त्या जागी ही पांढरी, आधीच्या मालकांनी पुरेशी दमवलेली गाडी दारात उभी राहिली. आबांनी तिचं नाव ठेवलं, कपाळाला (म्हणजे बॉनेटला) भंडारा लावला आणि त्याच दिवशी आपलं मतही सांगून टाकलं. "मेंढरू आजारी पडतं, पर चालून चालून पडतं. हे बसल्याजागी आजारी पडायचं."

आबांचे शब्द धवळीनं कधी खाली पडू दिले नाहीत.

तर माझी भाची सविता, इंदापूरच्या अक्काची एकुलती एक मुलगी. आमच्याकडं लग्नात नवरीच्या मामाला फार काम नसतं, पण जे असतं ते दुसऱ्याला करता येत नाही. नवरी गौरीहर पुजायला बसते ती मामानं आणलेली पिवळी साडी नेसून, आणि अक्षता पडताना मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. बस्, एवढंच. उभं राहणं हे काम मला जमण्यासारखं होतं, त्यामुळं सुपारी फुटल्या दिवसापासून मी हवेत होतो. भेटेल त्याला सांगत होतो की मामा येणार तो स्वतःच्या मोटारीतून, आणि नवरी सासरी जाणार तीही मामाच्याच मोटारीतून. इंदापुरात हे माहीत नसलेला माणूस बहुधा परगावचा असावा.

या सगळ्यात एक काटा होता. आमचा चुलतभाऊ दत्तू. तो इंदापुरातच राहायचा, त्याच्याकडं नवी कोरी जीप होती, आणि कुणाच्याही कार्यात मधोमध उभं राहायची त्याला उपजत आवड होती. नात्यातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो काढा, नवरा-नवरीच्या मध्ये दत्तूचं डोकं आहेच. अक्कानं हळदीच्या दिवशी डेअरीत फोन केला (मी गावच्या डेअरीत दुधाचं फॅट काढायचो, आणि फोन तिथंच होता). म्हणाली, "नामा, गोरजाचा मुहूर्त हाय. त्याच्या आधी साडी आन तू, दोनी हितं पायजेत. न्हायतर दत्तू उभा ऱ्हाईल. त्यानं फेटा बी आणून ठेवलाय."

मी हसून फोन ठेवला, पण रात्रभर मला दत्तूचा फेटा दिसत होता. एकदा तो सविताच्या पाठीशी उभा राहिला की तो फोटो जन्मभर अक्काच्या भिंतीवर लटकणार, आणि खरा मामा कुठं होता असं कुणी विचारलं की घरचे सांगणार, कन्हेरीत गाडीखाली!

वऱ्हाड आदल्या दिवशीच ट्रकमधून गेलं होतं. मागं राहिलो आम्ही तिघं: मी, आबा आणि माझी बायको सुमन. कारण मला सकाळचं दूध घ्यायचं होतं आणि त्यानंतर ऐटीत, आरामात निघायचं होतं.

दूध घेऊन आलो, ऐटीत गाडीत बसलो आणि क्लच दाबला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते आणि आपण आणखी एक उतरतो, तसं झालं. पाय थेट तळाला गेला आणि क्लच तिथंच बसला. वर यायचं नाव घेईना. खाली उतरून बघतो तर धवळीखाली तेलाचं थारोळं.

क्लचचं असं असतं की आपण पायानं दाबतो, त्यानं नळीतलं तेल पुढं ढकललं जातं, आणि ते तेल इंजिनाच्या मागं बसवलेल्या एका अंगठ्याएवढ्या सिलिंडरला ढकलतं. मग गिअर पडतो. ते अंगठ्याएवढं सिलिंडर गळायला लागलं की अख्खी मोटार म्हणजे खुर्ची.

शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन मी बारामती गाठली. आमचा नेहमीचा मिस्त्री इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गॅरेजचं शटर ओढत होता. त्यालाही लोणी भापकरला लग्नाला जायचं होतं. (त्या दिवशी तालुक्यात ज्याला लग्न नव्हतं असा माणूस शोधून सापडला नसता.) माझी अवस्था बघून त्यानं नवं सिलिंडर आणि ब्रेक ऑइलचा डबा काढून दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं, दोन बोल्ट, एक नळी, मग हवा काढायची, अर्ध्या तासाचं काम.

"पर तितं हात जातोय का?" मी विचारलं.

"माझा जातो," असं म्हणून त्यानं हात दाखवला. उसाच्या पाचटासारखा सडपातळ हात. त्याच वेळी मी माझ्या हाताकडं बघायला हवं होतं. माझा हात म्हणजे तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी, आणि तिला पाच बोटं.

घरी येऊन बॉनेट उघडलं. इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये एक फट होती. तिच्या एका बाजूला स्टिअरिंगचा दांडा, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा पाइप, आणि या सगळ्यांच्या पलीकडं, विहिरीत पडलेल्या तांब्यासारखं, ते सिलिंडर. गाडी बनवणाऱ्यानं आधी सिलिंडर हवेत टांगून मग त्याच्याभोवती गाडी बांधली असावी.

मी हात घातला. आबा बाजलं ओढून शेजारी बसले. त्यांनी आयुष्यात मेंढीच्या पोटात अडलेली कितीतरी कोकरं हातानं वळवून बाहेर काढली होती, त्यामुळं अरुंद जागेत हात घालणं हा आपला विषय आहे असं त्यांना वाटलं. ते सांगू लागले की घाई करू नकोस, आधी कुठला पाय आहे ते बघ, आणि कळ आली की ओढ. मी म्हणालो, आबा, हिला कळा येत नाहीत. ते म्हणाले, मग तुलाच येतील.

आल्या. कातडं सोलवटून, खांदा बॉनेटला टेकवून, मी बोटांनी चाचपत दोन्ही बोल्ट काढले, नळी सोडवली, सिलिंडर मुठीत धरलं आणि हात ओढला. हात येईना. वळवून ओढला. येईना. आता मी एका हातानं धवळीला बांधला गेलो होतो, अगदी दावणीला बांधल्यासारखा. फरक इतकाच की दावं गाडीच्या नाही, माझ्या गळ्यात होतं.

"सुमन!" मी हाक मारली. त्या हाकेत काय होतं कोण जाणे, ती जरीची साडी अर्धी नेसलेली तशीच बाहेर आली.

आबांनी माझ्या कमरेला मिठी मारली आणि ओढायला सुरुवात केली. सुमननं शांतपणे आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मुठीत काय धरलंय?"

"सिलिंडर."

"सोडा की मग."

"सोडलं तर खाली पडंल."

"जुनं हाय न्हवं? पडू दे की."

हे खरं तर मलाही सुचायला हवं होतं. मी मूठ सोडली. खाली धुळीत काहीतरी टपकन पडलं, आणि माझा हात इतका सहज बाहेर आला की आबा आणि मी दोघंही बाजल्यावर आडवे झालो. आबा उठले, वाकून त्यांनी ते काळं, तेलकट सिलिंडर उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बाहेर आलं. पर मेलेलं हाय."

अर्धी लढाई जिंकली होती. आता नवं सिलिंडर बसवायचं. पण मघाच्या ओढाताणीत माझा हात सुजला होता. आता तो फटीत बोटांच्या मुळांपर्यंत जायचा आणि तिथं नकार द्यायचा. तेल लावलं. तूप लावलं. तिरका घातला, उलटा घातला. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. मी हात बाहेर काढून चाकाला टेकून बसलो आणि म्हणालो, जाऊ द्या, एसटीनं जाऊ, उभं राहायला दत्तू आहेच.

आबांना मी थकलेला चालतो, हरलेला चालत नाही. ते कडाडले, "मग भर हातात बांगड्या आन बस घरात!"

सुमननं आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ताडताड घरात निघून गेली. मला वाटलं रागावली. आबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते एकदम मुंडासं नीट करू लागले. तर ती बाहेर आली बांगड्यांची पेटी घेऊन.

इथं सांगायला हवं की सुमन ओसरीवर बसून गावातल्या बायकांना बांगड्या भरायची. कन्हेरीतल्या निम्म्या मनगटांची मापं तिला तोंडपाठ. लग्नात वाटायला म्हणून तिनं सगळ्या मापांच्या हिरव्या बांगड्या भरून ती पेटी तयारच ठेवली होती. तिनं त्यातली एक काढली, बॉनेटमध्ये वाकली आणि त्या फटीला लावून बघितली. ती अडकली. दुसरी लावली. ती आत गेली.

"फट अडीचची हाय," तिनं सांगितलं. मग माझा हात उचलला, बोटांची मुळं दाबून बघितली. "तुमचा हात पावणेतीनचा. पाव इंचाचा तर सवाल हाय. येवढा मी रोज बायकांचा बसवते. बसा खाली."

मी बसलो. तिनं साबणाचा फेस केला आणि माझा हात असा काही मळायला घेतला की दिवाळीच्या करंज्यांचं पीठ त्यापेक्षा सुखात असेल. अंगठ्याचं हाड तळहातात दुमडलं. मी ओरडलो. तिनं सांगितलं की हात मेल्यासारखा सोडा, आणि बांगडीकडं बघू नका. काचेचीच कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, काच खोटं बोलत नाही. ही गेली म्हणजे हात जाणार.

बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन थांबली. तिथंच तर सगळ्या बायका रडतात म्हणे. मी डोळे मिटले. तेवढ्यात सुमननं अगदी सहज विचारलं, "मागल्या दिवाळीला मला बारामतीला साडी घ्यायला नेणार व्हता, त्याचं काय झालं ओ?"

मी दचकून तिच्याकडं बघितलं. काय उत्तर द्यावं याचा विचार करेपर्यंत बांगडी मनगटात होती. (नंतर कळलं, ही तिची नेहमीची पद्धत. अवघड हाताला ती असाच एखादा अवघड प्रश्न विचारते.)

"आता उठा. साबण वाळायच्या आत हात घाला."

आणि हात गेला! मनगटापर्यंत, बांगडीसकट, अगदी नवरी माप ओलांडून घरात जावी तसा. आबा पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरपटत गेले आणि त्यांनी खालून नवं सिलिंडर माझ्या बोटांत दिलं. मी ते जागेवर बसवलं, नळी जोडली आणि बोल्ट आवळायला लागलो. पाना फिरवला की बांगडी पाइपवर आपटायची. छुन्. पुन्हा फिरवला. छुन् छुन्.

गाडीखालून आबांचा आवाज आला, "कोण सासुरवाशीण हाय रं वर?"

सुमन बॉनेटला धरून इतकी हसली की ब्रेक ऑइलचा डबा तिच्या हातातून निसटता निसटता वाचला.

आता राहिली हवा काढायची. नळीत अडकलेली हवा निघाली नाही तर क्लच दाबून उपयोग नसतो. एकानं क्लच दाबून धरायचा, दुसऱ्यानं सिलिंडरचा छोटा स्क्रू सैल करून हवा सोडायची, स्क्रू आवळल्यावरच पहिल्यानं पाय उचलायचा. स्क्रूपाशी माझा हात. वरून तेल ओतायला सुमन. क्लचला राहिले आबा, जे आजवर धवळीच्या त्या सीटवर कधी बसले नव्हते. ते धोतर सावरून बसले, स्टिअरिंगला आधी नमस्कार केला आणि विचारलं, "धार काढायची म्हन की!"

मी म्हणालो, धार काढायचीच.

मग मात्र त्यांना काही शिकवावं लागलं नाही. दाब म्हटलं की दाबायचे, धरून ठेवायचे, सोड म्हटलं की सोडायचे. आयुष्यभर मेंढ्या-शेळ्यांचं दूध काढलेल्या माणसाची ती लय होती. शिवाय ते धवळीशी बोलतही होते. सोड माय, सोड, उगं अडवू नको. आधी नुसतेच बुडबुडे आले. मग फुसफुसत फेस आला. आणि मग माझ्या बोटांवर निर्मळ, अखंड, गार तेलाची धार लागली. मी स्क्रू आवळला. आबांच्या पायाखालचा क्लच ताठ झाला आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते कळप विकल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

"पान्हावली रं, नाम्या! पान्हावली!"

हात बाहेर काढला. गाडी चालू केली. गिअर पडला. धवळी अंगणात एक पाऊल पुढं सरकली आणि आम्ही तिघं दूध संघाच्या निवडणुकीत पॅनेल आल्यासारखे ओरडलो.

आता फक्त बांगडी काढायची होती. ती निघेना. हात पुन्हा सुजून मूळपदावर, किंबहुना थोडा पुढंच गेला होता. मी म्हणालो, फोडून टाक. सुमननं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी सविताचं लग्नच मोडायला सांगत होतो. लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या पेटीतली हिरवी बांगडी फोडायची? ते होणार नव्हतं. झब्ब्याची बाही लांब आहे, हात खाली ठेवा, कुणाला दिसत नाही, असं सांगून ती पिवळ्या साडीचं बोचकं मांडीवर घेऊन गाडीत बसलीसुद्धा.

कन्हेरी सुटलं, भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. स्टिअरिंग वळवलं की छुन्. निमगाव केतकीच्या अलीकडं आबा मागून म्हणाले, बैलाच्या गळ्यात घुंगरू असतं, आपल्यात डायवरच्या हातात आहे. पण मला आता कशाचं काही वाटत नव्हतं. क्लच लोण्यासारखा चालत होता.

इंदापुरात मांडवापाशी पोचलो तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. सविता गौरीहरापाशी साध्या साडीत रडवेली बसलेली, अक्का दारात, आणि तिच्या शेजारी दत्तू. डोक्याला गुलाबी फेटा, हातात कुणाचीतरी पिवळी साडी. त्यानं तीही आणून ठेवली होती! सुमन बोचकं घेऊन आत धावली. अक्का माझ्या तोंडावरचं काळं तेल बघून म्हणाली, "आलास?" एवढंच. पण ते ऐकून दत्तूनं साडी हळूच पाठीमागं घेतली.

मी सविताच्या पाठीशी उभा राहिलो. मंगलाष्टकं झाली. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट सरकला, अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली, आणि मी आनंदाच्या भरात, सगळं विसरून, दोन्ही हात वर करून अक्षता टाकल्या. बाही कोपरापर्यंत घसरली. छुन्.

पहिल्यांदा बघितलं दत्तूनं. तो मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामांनी हातात बांगड्या भरल्या काय?"

वाजंत्रीवाला थांबला. दोन्हीकडची मंडळी माझ्या मनगटाकडं बघू लागली. नवरदेवाची आत्या पुढं आली. जाड भिंगांचा चष्मा, आणि जिच्यापुढं भटजीही हळू बोलत होते अशी बाई. तिनं माझा हात धरून ती हिरवी बांगडी निरखली आणि अक्काला विचारलं, "ही तुमच्याकडली रीत हाय का?"

क्लच, सिलिंडर, साबण, हे सगळं मी कुठून सुरू करणार होतो? पण अक्का माझी थोरली बहीण आहे. तिनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "व्हय. आमच्याकडं नवरीच्या मामाला येक बांगडी भरत्यात. आईचा भाऊ म्हंजे अर्धी आई."

आत्याबाईंनी बांगडी आणखी एकदा फिरवून बघितली. मग मान हलवली. "चांगली रीत हाय. मग आमच्या मामाला बी भरा. आमचा काय सावत्र हाय?"

सुमन पेटी घेऊन हजर होती. नवरदेवाचे मामा, चांगले मिशाळ गृहस्थ, पाटावर बसले आणि निमूटपणे हात पुढं केला. त्यांना ती मुलाच्या नोकरीबद्दल काहीतरी विचारत होती तेवढ्यात बांगडी गेली. मग अक्काची नजर फिरत फिरत गुलाबी फेट्यावर थांबली.

"दत्तू बी मामाच हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं सांगतोय सगळ्यांना."

दत्तूला सुमननं एकही प्रश्न विचारला नाही. सरळ दाबून भरली. त्याचा आवाज स्टँडपर्यंत गेला असावा.

त्या रात्री सविता सासरी गेली ती धवळीतूनच. दर वळणाला माझा हात वाजत होता आणि मागं बसलेली ती रडता रडता हसत होती.

धवळी पुढं बरीच वर्षं चालली. तिच्यात नंतर सगळं काही बिघडलं, पण ते सिलिंडर कधी गळलं नाही. रीत मात्र राहिली. सविताच्या सासरी आता कुठल्याही लग्नात मामाला एक हिरवी बांगडी भरतात. मध्ये तिथल्याच एका म्हाताऱ्यानं मला ती रीत किती जुनी आहे आणि तिच्यामागं केवढा अर्थ आहे हे इतकं छान समजावून सांगितलं की मलाही पटलं.

आणि आता कुणी मला टोमणा मारला, की काय नामदेवराव, हातात बांगड्या भरल्यात का, तर मी चिडत नाही. छाती काढून सांगतो की भरली होती, एकच, उजव्या हातात, अडीचची.

तेवढ्यात ओसरीवरून सुमनचा आवाज येतो, "साबण लावून अडीच. येरवी पावणेतीन."